शुक्रवारचा सामना, अंगणातल्या पाट्या आणि आपण

नदीकाठ, कोलंबस (ओहायो)

ओहायोत येऊन मला एकोणीस वर्षे झाली. एवढ्या काळात अमेरिकेच्या राजकारणावर मी पुष्कळ वाचले, मराठी मंडळींच्या मैफलींत तावातावाने भांडलो, आणि ते जवळजवळ सगळे वॉशिंग्टनविषयी होते. प्रत्यक्षात जे काही उमगले ते मात्र आमच्या गावच्या हायस्कूलच्या मैदानावर, पॉपकॉर्नच्या यंत्रामागे उभे राहून. म्हणून हा धागा.

माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की मैदानावर खाद्यपदार्थांची टपरी लागते. ती बँडमधल्या मुलांचे पालक चालवतात आणि तिच्या मिळकतीतून गणवेश, वाद्यांची दुरुस्ती असले खर्च निघतात. २०२४ च्या ऑक्टोबरात, अध्यक्षीय निवडणूक तीन आठवड्यांवर आली असताना, माझी तिथे पाळी होती. डावीकडे एक निवृत्त ट्रकचालक नाचोंवर पिवळेधमक चीज ओतत होते. त्यांच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी होती. उजवीकडे एक दंतवैद्य बाई सुटे पैसे मोजून देत होत्या. त्यांच्या अंगणात हॅरिस यांची पाटी होती. दोघांची घरे समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. अडीच तासांत दोघांचे बोलणे झाले ते क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाच्या मुख्य खेळाडूच्या, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, यंदा बर्फ लवकर पडेल का याबद्दल आणि चीज संपत आल्याबद्दल. मध्यंतरात गर्दी उसळली तेव्हा बाईंनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि त्यांना दोन मिनिटे खुर्चीवर बसायला लावले, कारण त्यांची पाठ धरली होती.

मला आधी हे सगळे ढोंग वाटले. अंगणात पाटी ठोकून येणाऱ्याजाणाऱ्याला आपले मत सांगायचे आणि समोरासमोर आल्यावर अवाक्षर काढायचे नाही, हा काय प्रकार? आपल्याकडे नेमके उलटे असते. घरावर पाटी लागत नाही, पण चहाच्या टपरीवर वाद घातल्याशिवाय दिवस सरत नाही. घरी परतताना मात्र लक्षात आले की त्या दोन्ही अंगणांत आणखी एक पाटी आहे आणि ती अगदी सारखी आहे : शाळेच्या लेव्हीला मत द्या.

लेव्ही म्हणजे शाळेसाठीचा वाढीव मालमत्ता कर, आणि तो लावायचा की नाही हे गावातले मतदार ठरवतात. ओहायोत १९७६ साली एक कायदा झाला, जो अजूनही हाउस बिल ९२० याच नावाने ओळखला जातो. त्याच्यामुळे फेरमूल्यांकनात घरांच्या किमती वाढल्या तरी आधी मंजूर झालेल्या लेव्हीतून शाळेच्या पदरात पडणारी रक्कम साधारण तेवढीच राहते. महागाई वाढते, पगार वाढतात, बसचे डिझेल महागते आणि दर काही वर्षांनी शाळेला झोळी घेऊन मतदारांच्या दारात यावे लागते. मालमत्ता करावर इतकी भिस्त ठेवणारी ही व्यवस्था राज्यघटनेत बसत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली डीरॉल्फ खटल्यात सांगितले; तरी तिचा सांगाडा अजून उभा आहे.

आमची लेव्ही थोड्या मतांनी पडली. पुढच्या वर्षी प्रत्येक खेळामागे पालकांनी भरायचे शुल्क वाढले, हायस्कूलच्या बसगाड्या कमी झाल्या आणि बँडच्या दोन शिक्षकांपैकी एक गेले. माझ्या ओळखीच्या मराठी घरांपैकी तीन घरांत, मतपत्रिकेवर लेव्ही होती हेच कोणाला आठवत नव्हते. ती मतपत्रिकेच्या अगदी शेवटी असते; मंडळी अध्यक्षपदाचे मत देऊन खालचे सगळे कोरे सोडून आली होती. भारतीय वंशाचे रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी ओहायोचे गव्हर्नर होतील का, यावर याच घरांत तासन् तास चर्चा होते.

अमेरिकेचे राजकारण आपण आयपीएलसारखे बघतो : लांबून, आवडता संघ धरून, सोफ्यावर बसून. इथली माणसे शेजाऱ्याशी राष्ट्रीय राजकारणावर बोलत नाहीत, याचे कारण मला आता असे वाटते की उद्या त्याच शेजाऱ्याला बरोबर घेऊन लेव्हीसाठी दारोदार फिरायचे असते. आपापल्या गावचे अनुभव लिहावेत.

प्लेनोकर, टेक्सास

नदीकाठ, चित्र लोभसवाणे आहे, पण गावकरी एकदिलाने शाळेसाठी मत देतात म्हणजे शहाणपणाने देतात असे नाही. आमच्या शेजारच्या ॲलन गावाच्या मतदारांनी २००९ साली ११.९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्यातून इतर बांधकामांबरोबर हायस्कूलच्या फुटबॉलसाठी १८,००० आसनांचे स्टेडियम उभे राहिले, ज्याचा खर्च सुमारे ६ कोटी डॉलर होता. ते २०१२ मध्ये उघडले, दीड वर्षात काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद झाले आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले. एका शाळेचे स्टेडियम, हे ध्यानात घ्यावे. रोख्यांचा पैसा शिक्षकांच्या पगाराला वापरता येत नाही, त्यामुळे स्टेडियमऐवजी शिक्षक नेमले असते असा सोपा हिशेब इथे चालत नाही, हे मला मान्य आहे. तरीही गावाची मान कशाने ताठ होते ते त्या खर्चावरून दिसतेच. गणिताच्या शिक्षकासाठी शुक्रवारी रात्री १८,००० माणसे जमत नाहीत. आमच्या भागात भारतीयांची वस्ती मोठी आहे आणि आपली मुले त्या स्टेडियममध्ये असतात ती बहुधा बँडमध्ये. हे निरीक्षण मी कोणताही निष्कर्ष न काढता नोंदवतो.

खेळाडूची आई, न्यू जर्सी

बँडमध्येच का असतात, याचे उत्तर आपल्या घरांत शोधावे लागेल. माझी मुलगी सॉकर खेळते. ती नववीत असताना एका जवळच्या नातेवाईकांनी, खेळ ठीक आहे पण गुडघ्यावर व्रण राहतील, असे काळजीच्या सुरात सांगितले होते.

या धाग्यावर राजकारण आणि खेळ यांचा संबंध निघाला आहे, तर माझ्या मते अमेरिकेतील त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १९७२ चा टायटल नाइन हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करू नये, एवढेच तो म्हणतो. त्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु शाळांना मुलींचे संघ उभे करणे त्यामुळे भाग पडले. १९७१-७२ मध्ये देशभरातील हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्या आत होत्या. आज त्यांची संख्या ३० लाखांच्या वर आहे. एप्रिल २०२४ मध्ये क्लीव्हलँडला झालेला महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. खेळात राजकारण नको असे म्हणणाऱ्यांनी हे राजकारण वजा करून दाखवावे.

आता मैदानाच्या कडेचे वर्तन. अमेरिकन माणूस शेजाऱ्याशी संयमाने वागतो हे खरे असले, तरी त्याचे मूल खेळत असताना तो संयम गाडीतच राहतो. आमच्या क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून बहुतेक वेळा पंधरा-सोळा वर्षांची मुले असतात. अशा एका मुलावर दोन बाप इतके ओरडले की तो शिटी खाली ठेवून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. त्यानंतरच्या शनिवारी क्लबने पालकांना मौन पाळायला लावले आणि तोंड बंद राहावे म्हणून फाटकावर प्रत्येकाच्या हाती लॉलीपॉप दिले. ओरडणाऱ्या दोघांपैकी एक आपले मराठी होते, हे लिहिताना मला संकोच वाटतो. त्यांनी त्या दिवशी लॉलीपॉप घेतले, पण सामन्याला पाठ करून गाडीतून मुलाला फोनवर सूचना पाठवत राहिले. मुलाचा फोन अर्थातच बॅगेत होता.

रात्रपाळी

नदीकाठ यांना एक नम्र प्रश्न. आपण ज्या तीन घरांविषयी लिहिले, त्यांना निदान मत होते. मी चौदा वर्षे या देशात कर भरतो आहे. घर माझे आहे, म्हणजे लेव्ही मंजूर झाली तर ती मीही भरतो. ती मंजूर व्हावी की नाही हे सांगण्याचा अधिकार मात्र मला नाही. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत, असा नियम आहे. भारतीयांची रांग त्यामुळे इतकी लांबली आहे की मी आल्यानंतर इथेच जन्मलेली आणि म्हणून इथली नागरिक असलेली माझी मुलगी माझ्याआधी मतदान करील.

अंगणात पाटी लावायला मला कायद्याची आडकाठी नाही, असे तीच मला सांगते. तरी हात होत नाही. उमेदवाराला देणगी द्यायला तर आम्हांला बंदीच आहे, निवडणूक गावपातळीची का असेना. आपले ट्रकचालक आणि दंतवैद्य बाई गप्प बसतात ते शेजारधर्म म्हणून; आम्ही गप्प बसतो ते व्हिसाच्या शिक्क्याची तारीख आठवून. दोन्ही मौनांना एकाच तराजूत घालू नये.

मुक्काम डेट्रॉईट, मिशिगन

ओहायोकरांनी आम्हांला शेजारधर्म शिकवावा, याची मौज वाटली. मिशिगन विद्यापीठाबरोबरच्या फुटबॉल सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवरचा प्रत्येक एम लाल पट्टीने खोडून ठेवणारी ही मंडळी! हे वैरही मुळात राजकीय आहे. १८३५-३६ मध्ये सीमेवरच्या टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी शिबंदी गोळा केली होती. टोलेडो ओहायोला गेले, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग मिळाला आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. तेव्हा तोट्याचा वाटलेला तो सौदा तांबे आणि लोखंड सापडल्यावर चांगलाच फळला.

३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने कोलंबसच्या मैदानावर १३-१० असा विजय मिळवला आणि खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी आपला झेंडा रोवायला घेतला. हाणामारी झाली, पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. त्यानंतर ओहायोच्या एका आमदाराने, मैदानात झेंडा रोवणे हा गंभीर गुन्हा ठरवावा, असे विधेयक मांडले. हे आमदार टोलेडोच्या परिसरातले होते, एवढे सांगितले की पुरे.

मूळ मुद्द्याविषयी मात्र मी नदीकाठ यांच्याशी सहमत आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये थेट आमच्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पक्षांतर्गत फेरीतच तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२० मध्ये ते डेट्रॉईटमधून राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, वरून मारलेली उडी फसली आणि खालून चढलेली पायरी टिकली, हे दिसते.

सदाशिवपेठी, पुणे

मुलाकडे तीन उन्हाळे राहून आलेला माणूस म्हणून लिहितो. या संयमाचे कौतुक मला तितकेसे पटत नाही. जे बोलल्याने शेजार बिघडेल ते बोलायचेच नाही, असे ठरवले की ज्यांचे बरे चालले आहे त्यांचेच बरे चालत राहते. मुष्टियोद्धे मुहंमद अली यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात भरती व्हायला नकार दिला तेव्हा त्यांचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, पण उमेदीची वर्षे परत मिळाली नाहीत. २०१६ मध्ये फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक वर्णभेदाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी एका गुडघ्यावर बसले आणि त्या हंगामानंतर त्यांना एकाही संघाने घेतले नाही. दोन्ही वेळा, खेळात राजकारण आणू नका, असाच सूर होता.

मग सामन्याआधी राष्ट्रगीत, मैदानभर पसरलेला ध्वज, डोक्यावरून जाणारी लढाऊ विमाने हे काय असते? २०१५ मध्ये जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या रिपब्लिकन सिनेटरांनीच अहवाल काढून दाखवले होते की अशा देशभक्तीच्या सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने व्यावसायिक संघांना सुमारे ६८ लाख डॉलर मोजले होते. प्रेक्षक हृदयावर हात ठेवून उभे राहत होते आणि त्याची पावती फाडली जात होती. आमच्या पेठेत मंडपावरून, ढोलावरून, पार्किंगवरून भांडणे होतात आणि लोक दुसऱ्या दिवशी त्याच अमृततुल्यात बसतात. भांडूनही शेजार टिकतो, हेही एक शेजारशास्त्र आहे.

जुना क्लीव्हलँडकर

सदाशिवपेठी यांच्या पावतीत माझी एक भर. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलँड ब्राउन्स या आमच्या फुटबॉल संघाच्या मालकांनी तो बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी आम्ही क्लीव्हलँडकरांनी दारू-तंबाखूवरचा कर स्टेडियमसाठी चालू ठेवायला भरघोस मते दिली. नवरा घर सोडून गेला आणि बाईने त्याच्याचसाठी पुरणाचा घाट घातला, असा तो प्रकार होता. १९९९ मध्ये ब्राउन्स नावाचा नवा संघ मिळाला. आता २०२५ मध्ये राज्याने ब्रूक पार्क या उपनगरातील ब्राउन्सच्या नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलर मंजूर केले आहेत, आणि तेही कुठून, तर लोकांच्या विसरलेल्या बँक खात्यांचे, न वटवलेल्या धनादेशांचे जे पैसे राज्याकडे पडून असतात त्यांतून. त्यावर दावे दाखल झाले आहेत. मी राज्याच्या संकेतस्थळावर माझे नाव घालून पाहिले. जुन्या घराच्या विजेच्या अनामतीचे एकतीस डॉलर निघाले आणि ते मी तातडीने मागून घेतले.

हिशेबनीस

सट्ट्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला बंदी घालणारा संघीय कायदा रद्द केला आणि ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरचा सट्टा कायदेशीर झाला. सहा महिन्यांत राज्याने कंपन्यांवरील कर १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेला. कराचा मोठा वाटा शाळांसाठी आहे आणि त्यात शाळेतील खेळही येतात, म्हणजे वडील सट्ट्यात हरले की मुलाच्या संघाला चेंडू मिळतात! कार्यालयात पूर्वी सोमवारी सामन्यावर गप्पा होत. आता सहकारी सामना कोणी जिंकला हे सांगतच नाहीत. अमुक खेळाडूने आणखी चार यार्ड धाव घेतली असती तर माझे किती झाले असते, एवढेच सांगतात.

नदीकाठ

सर्वांचे आभार. रात्रपाळी, आपला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो आणि मूळ लेखात ‘आपण’ असे सरसकट लिहिले ती माझी चूक होती. ज्याला मत नाही त्याला मत दिले नाही म्हणून बोल लावता येत नाही. माझी तक्रार फक्त त्या तीन घरांपुरती उरते. ते तिघेही नागरिक आहेत आणि तिघांचीही मुले त्याच शाळेत आहेत.

सदाशिवपेठी, आपल्या आणि माझ्या म्हणण्यात वाटतो तितका विरोध नसावा. अली आणि कॅपरनिक ज्यासाठी बोलले, ते बोलणे आवश्यकच होते. मी लिहितो आहे ते रोजच्या जगण्याविषयी, जिथे एक माणूस दुसऱ्याचे मन वळवू शकत नाही हे दोघांनाही माहीत असते. त्या दोघांचा एक प्रसंग सांगतो. २० जानेवारी २०२५ रोजी दुपारी ट्रम्प यांचा शपथविधी होता. थंडीमुळे तो कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, आत झाला. त्याच रात्री अटलांटात ओहायो स्टेटचा नोत्र दाम विद्यापीठाशी महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता. ट्रकचालकांनी आम्हा चार घरांना सामना बघायला बोलावले. बाई बीन्सचे डिप घेऊन आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, त्यांचा दिवस कसा गेला असेल हे सर्वांना ठाऊक होते, आणि यजमानांनी दुपारपासून चालू असलेला वृत्तवाहिनीचा टीव्ही दार उघडण्यापूर्वी बंद करून ठेवला होता, कारण आम्ही आत गेलो तेव्हा पडदा काळा होता आणि रिमोट त्यांच्या हातात होता. सामना ३४-२३ असा जिंकला. कोणीतरी ओ-एच ओरडले आणि दोघांनीही एकदमच आय-ओ असे उत्तर दिले; ओहायोची अक्षरे अशी वाटून पुकारण्याची इथली रीत आहे. याला आपण पलायन म्हणू शकता. मी रिमोटकडे बघत होतो.

एप्रिलमध्ये विजेता संघ व्हाइट हाउसला गेला. ओहायोचेच आणि त्याच विद्यापीठात शिकलेले उपाध्यक्ष व्हान्स करंडक उचलायला गेले, तेव्हा त्याची बैठक निखळून खाली पडली. अंगणात गवत कापताना त्यावर दोघे खळखळून हसले. राजकारणातील एका माणसावर ते दोघे एकत्र हसताना मी तेवढेच पाहिले आहे.

लेव्ही पुन्हा मतपत्रिकेवर येणार आहे. या वेळी विरोधही जास्त आहे, आणि तो नुसता कद्रूपणा नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांच्या घरांचे मूल्यांकन वाढले आहे आणि मालमत्ता करच रद्द करावा म्हणून राज्यात सह्या गोळा केल्या जात आहेत. खुद्द ट्रकचालकांनी मला सांगितले की यंदा आपण पाटी लावू की नाही हे ठरलेले नाही. टपरीवर मात्र ते येणार आहेत.

रात्रपाळी, टपरीवर उभे राहायला मत लागत नाही आणि व्हिसाही कोणी विचारत नाही. तिथे पगार नसतो, त्यामुळे नोकरीच्या अटींचा प्रश्न येत नाही. आपल्या गावच्या शाळेत विचारून पाहावे.

रात्रपाळी

विचारले. पुढच्या शुक्रवारी साडेपाच वाजता बोलावले आहे आणि हॉटडॉगच्या शेगडीवर नेमले आहे. आम्ही घरी मांस-मासे खात नाही. हे आधी कळवणे योग्य दिसेल, की पहिल्याच दिवशी तक्रार केली असे होईल?

खेळाडूची आई

आधी कळवावे, कोणालाही काही वाटत नाही. पॉपकॉर्न मागून घ्यावे. फक्त यंत्राच्या डावीकडे उभे राहू नये, तेल उडते.